मोठ्या नंबरची सुई

९ जानेवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण एक हात सुईला बांधलेला आहे. म्हणून सात अंगांनीच घालतो. आठवं संध्याकाळी सुटेल.

तुझं पत्र परवा मिळालं. माझ्यासाठी बघितलेल्या नोकरीचं पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग पत्र गादीखाली ठेवलं. एक सांगतो, राग मानू नकोस. 'नियुक्ती'मधला 'नि' ऱ्हस्व असतो आणि 'क्ती' दीर्घ. तू बरोबर उलटं केलं आहेस. साहेबांना अर्ज लिहिताना तेवढं सांभाळ.

पंपघरात बसायचं, काटे बघायचे, ठरल्या वेळी एका भागाचं पाणी सोडायचं आणि दुसऱ्याचं बंद करायचं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला याहून चांगलं काय मिळणार? शिवाय खिडकीतून तलाव दिसतो म्हणतोस. माझ्या वॉर्डच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. तिच्यावरचा ओलीचा डाग मी लहान असताना कोंबडीएवढा होता. आता म्हशीएवढा झाला आहे. दर तीन आठवड्यांनी मी इथे रक्त चढवून घ्यायला येतो आणि त्या म्हशीचं वाढणं बघतो.

अडचण तू लिहिलीच आहेस. साहेब रक्त घेण्यासाठी अर्धा दिवस सोडतील, पूर्ण नाही. मला मात्र पूर्ण दिवस लागतो. सकाळी नमुना जुळवून पिशवी येईपर्यंत थोडा वेळ जातो, पण खरा वेळ थेंबांत जातो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दुपारचा चहा मी घरी घ्यायचो. आता दिवे लागतात तेव्हा सिस्टर सुई काढतात. पिशवी तीच, नळी तीच, मीही तोच. मग हे रक्त एवढं आळशी कधी झालं?

तू नळांमधला माणूस आहेस. थेंब लवकर पडायला काय करावं लागेल, ते लिही. अर्ध्या दिवसात पिशवी संपली तरच मी तुझ्याकडे येऊ शकतो. नाहीतर नळी जिथवर पोचते तिथवर माझं राज्य, आणि ती संडासापर्यंतसुद्धा पोचत नाही.

फोन नको. तिकडे तुझे पंप ओरडतात आणि इकडे आई कायम स्टुलावर असते. आत्ताही आहे. विचारते, "कोणाला लिहितोस?" म्हटलं, तुझ्या भाच्याला, दादाला. "माझे आशीर्वाद लिही, आणि पाणी उकळून पी म्हणावं." पाणीपुरवठ्याच्या माणसाला! नोकरीचं तिला सांगितलेलं नाही. बाबा गेल्यापासून ती मला बाजारातसुद्धा एकटं सोडत नाही. चहा फुंकून देते. शेजारच्या खाटेवरचा माझ्याच वयाचा माणूस दोन मुलांचा बाप आहे. तो माझ्याकडे बघतो आणि कूस बदलतो.

तुझा
भाऊ


१७ जानेवारी

चि. मास्तर यास अनेक आशीर्वाद, त्यातले दोन-चार तरी लागोत.

हे पत्र तुझ्या वहिनीने तपासलं आहे. आता चूक सापडली तर तिच्याशी भांड, मी मध्ये पडणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं आहे. टाकी जितकी उंच तितका जोर. पाइप जितका लांब तितका पाण्याला कंटाळा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाइपची जाडी. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे लोक 'पाणी येत नाही, पाणी येत नाही' म्हणून ऑफिसात येऊन बसतात. घरी जाऊन बघावं तर शेवटच्या दोन हातांत कोणीतरी बारीक पाइप घातलेला. आधीचा सगळा कितीही रुंद असो, अडवतो तो शेवटचाच. तुझ्याकडे शेवटचा म्हणजे सुई.

तेव्हा पिशवीची दांडी वर घे आणि जाड सुई माग. सुईवर नंबर असतो ना? आमच्या पाइपसारखंच असणार, अर्धा, पाऊण, एक. नंबर मोठा तशी धार मोठी. आता लावतात त्याहून मोठा नंबर माग.

साहेबांना एक एप्रिलला खुर्चीत माणूस हवा आहे. मी म्हटलं, माणूस आहे, अक्षर मोत्यासारखं आहे. ते म्हणाले, मला मोती नकोत, दुपारी पंप बदलताना हजर असला पाहिजे.

मावशीला इतक्यात काही बोलू नकोस. तिचं मी बघतो.

तुझा
दादा


२ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांग. पत्रात एकही चूक नव्हती. वाचताना परक्याचं पत्र उघडल्यासारखं वाटलं.

तू सांगितलंस ते सगळं केलं. सिस्टरना म्हटलं, मला नेहमी बावीस नंबरची लावता, आज चोवीस लावा. त्यांनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं, मग मायेने म्हणाल्या, "दुखतं का रे फार? मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?" आणि ट्रेमधून पिवळ्या टोपीची सुई काढून लावली. टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, मोठ्या सुया जास्त सफाईदार बनवत असतील. त्या पाठमोऱ्या झाल्यावर पिशवीची दांडी मी दोन खाचा वर सरकवली.

दादा, रक्त आणखी हळू आलं. वॉर्डमधल्या सगळ्यांचे डबे परत गेले, सफाईवाल्या बाईंनी फरशी पुसली, पुसलेली फरशी वाळली, आणि माझी पिशवी अर्धी भरलेलीच. सिस्टर दोनदा येऊन, थेंब पडतात त्या कुपीला टिचकी मारून गेल्या. "नळी तर मोकळी आहे," म्हणाल्या.

टाकी उंच केली, सुई मोठी केली. जोर वाढायला हवा होता. गणित चुकत नाही, म्हणजे कोणीतरी अडवत असणार.

मी डोळे मिटून पडून राहिलो. थोड्या वेळाने एका डोळ्याची फट करून बघितलं. आईने विणकाम मांडीवर ठेवलं होतं आणि माझ्या कोपराजवळची नळी मुठीत घट्ट धरली होती. तिची नजर दाराकडे होती, चोरासारखी. सिस्टरच्या चपला वाजल्या तशी तिने मूठ सोडली आणि विणायच्या सुया उचलल्या.

मला वाटतं तिला तुझं पत्र सापडलं असावं. गादीखालचं काय तिला माहीत नसतं? मी इथेच राहावं म्हणून ती माझं रक्त अडवते आहे. 'अडवते'चा 'ड' नीट आलेला नाही. तो 'ड'च आहे.

घरी येताना ती म्हणाली, "आज फार वेळ लागला नाही?"

तुझा
भाऊ


१० फेब्रुवारी

चि. मास्तर,

आशीर्वाद मागच्या पत्रातले शिल्लक असतील, तेच वापर.

आधी माझी चूक ऐक. आमच्या वायरमनला तुझं सुईप्रकरण सांगितलं तर तो डबा बाजूला ठेवून हसायला लागला. म्हणाला, "अहो, तारेला नंबर उलटा असतो. नंबर वाढला की तार बारीक." मग इथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. सुयांचंही तसंच. चोवीस म्हणजे तान्ह्या मुलांची सुई! वीस, अठरा असं खाली जावं तशी ती जाड होत जाते. 'नियुक्ती'सारखं हेही मी उलटंच केलं म्हण.

म्हणजे रक्त अडवलं ते सुईने. मावशीला विनाकारण चोर ठरवू नकोस. मुठीचं मला माहीत नाही, पण मावशी तसं करणार नाही. का ते मी आत्ता लिहू शकत नाही. तुला माझं ऐकायचं असेल तर एवढं ऐक.

आणि मास्तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवीन काही करू नकोस. मला नळातलं कळतं, माणसातलं नाही.

तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

ती. दादास,

उद्या रक्त घ्यायचं आहे. म्हणून घाईत लिहितो.

'आत्ता लिहू शकत नाही' हे वाचलं. म्हणजे तुलाही तिने बांधून घेतलं आहे. लहानपणी आपण लपाछपी खेळायचो तेव्हा ती दाराला बाहेरून कडी घालायची, मी धावू नये म्हणून. तू अंगणात लपायचास आणि मी खोलीतल्या खोलीत तुला शोधायचो. ते सगळं मला आठवतं.

डॉक्टरबाईंना काय विचारू? त्या आईकडे बघून बोलतात. "याला भूक लागते का?" "याला झोप येते का?" मी समोर बसलेला असतो.

उद्या अठरा नंबरची सुई मागणार आहे. चोवीसच्या जवळपास दुप्पट रुंद. दुप्पट म्हणजे चौपट धार, असा माझा हिशोब आहे. आईला खालून औषध आणायला पाठवीन, तिथे नेहमी रांग असते. नळीवर एक लहानसं चाक असतं, ते खाली सरकवलं की नळी आवळते, वर सरकवलं की मोकळी होते. माझं नेहमी खाली सरकवलेलं असतं. दुसऱ्यांची चाकं मी बघितली आहेत, ती एवढी खाली नसतात.

पिशवी दुपारच्या आत संपली तर तुला तसं कळवीन आणि एक एप्रिलला येईन. आईला बसमध्ये बसल्यावर सांगेन.

तुझा
भाऊ


४ मार्च

चि. मास्तर,

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच मावशीचा फोन आला. पंप चालू होता. मला एवढंच ऐकू आलं, "श्वास". मी पंप बंद केला. अर्ध्या गावाचं पाणी गेलं, जाऊ दे.

आता तू धोक्याबाहेर आहेस असं ती म्हणते, म्हणून लिहितो. तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, ते मी मोडतो आहे. तिला राग आला तर येऊ दे.

नोकरीचं मला सुचलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मावशी आमच्याकडे दोन दिवस राहून गेली, आठवतं? तुला तिने 'बहिणीचे पाय दुखतात' असं सांगितलं होतं. माझ्या आईचे पाय ठणठणीत आहेत. मावशी इथे आल्या आल्या माझ्याबरोबर पंपघरात आली. काटे बघितले. खुर्ची हलवून बघितली. "याला पाठ टेकायला मिळेल ना? पायऱ्या चढायच्या नाहीत ना?" दुसऱ्या दिवशी इथल्या दवाखान्यात जाऊन तिने रक्ताचा वॉर्ड बघितला, तिथल्या सिस्टरशी भांडून कोणत्या खाटेवर वारा येतो ते विचारलं. निघताना म्हणाली, "त्याला इथे आण. पण माझं नाव काढू नकोस. मी जा म्हटलं तर त्याला वाटेल आईला ओझं झालो. तू बोलावलंस तर तो येईल."

तुझं हृदय जरा नाजूक झालं आहे, हेही तिने तेव्हाच सांगितलं. पण त्याचा थेंबाशी काय संबंध हे मला कुठे माहीत? तू नळ विचारलास, मी नळ सांगितला. नळाच्या पलीकडे माणूस आहे हे विसरलो. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. या पत्रातल्या चुका माझ्या आहेत.

तुझा
दादा


१९ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, आठही अंगांनी. काल घरी आलो.

तुझ्या पत्रातल्या चुका मी दुरुस्त केलेल्या नाहीत. तशाच ठेवल्या आहेत.

काय झालं ते लिहितो. अठरा नंबरची सुई सिस्टरनी कुरकुरत लावली. "कधी बारीक, कधी जाड, तुझं काही कळत नाही बाबा." आई औषध आणायला गेली. मी चाक पार वरपर्यंत सरकवलं. दांडीही वर केली. कुपीत थेंब दिसेनासे झाले, नुसती धारच लागली. मला इतका आनंद झाला की शेजारच्या माणसाला मी म्हटलं, "बघा, किती छान चाललंय!" तो पहिल्यांदाच माझ्याशी हसला.

बरंचसं रक्त आत गेल्यावर खोकला आला. मग आडवं पडवेना. उठून बसलो तरी हवा पुरेना. समोरची म्हैस भिंतीवरून उतरून छातीवर येऊन बसली असं वाटलं. शेजाऱ्याने आरडाओरडा केला. सिस्टरनी चाक बंद केलं, खाटेची डोक्याकडची बाजू उचलली, इंजेक्शन दिलं. आई दारात उभी होती, हातात औषधाची पुडी. मला ते जास्त लागलं.

दोन दिवसांनी डॉक्टरबाई आल्या. या वेळी त्यांनी स्टूल माझ्या बाजूला ओढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चाक का उघडलंस?"

"नोकरी लागणार आहे. पंपघरात. अर्धाच दिवस सुट्टी मिळते."

"पंपघरात? मग टाकी बघितलीस, पाइप बघितलास, पंप कसा विसरलास?"

मी माझा चौपटीचा हिशोब सांगितला. त्या म्हणाल्या, "चौपट नाही, सोळापट. नळीच्या भिंतीला लागून जाणारं द्रव रेंगाळतं, मधलं धावतं. नळी रुंद झाली की नुसती जागा वाढत नाही, धावणाराही मोकळा होतो. तुझं नशीब, वरची लांब नळी अडवायला होती म्हणून सोळापट झालं नाही."

मग त्यांनी खरं सांगितलं. इतकी वर्षं घेतलेल्या रक्तातलं लोह माझ्या हृदयात साठलं आहे. एकदम जास्त आलं तर त्याला उपसता येत नाही, पाणी मागे फुफ्फुसात तुंबतं. चाक दोन वर्षांपासून त्यांच्याच सांगण्यावरून आवळलेलं असतं. मला हे सांगू नये, अशी आईने विनंती केली होती. "याची एक वेलांटी चुकली तरी हा दोन दिवस जेवत नाही," असं ती म्हणाली होती म्हणे.

मी आईकडे बघितलं आणि विचारलंच, "मग नळी मुठीत कशाला दाबत होतीस?"

"दाबत होते? अरे, रक्त गार असतं फ्रिजमधलं. दंड दुखतो तुझा. लहानपणी रडायचास, आता रडत नाहीस, नुसते ओठ आवळतोस. मुठीत धरलं की जरा कोमट होऊन जातं. सिस्टर रागावतात नळीला हात लावला की, म्हणून त्यांचं लक्ष नसताना धरायचे."

डॉक्टरबाईंना हसू आलं. "गार रक्त दाट असतं, हळू जातं. कोमट झालं की केसभर का होईना, भरभर जातं. अडवत कसल्या होत्या, तुला घाई करत होत्या या."

दादा, इतके दिवस मला वाटायचं की कोणीतरी मला धरून ठेवलं आहे. सुटायचं तर त्या कोणाच्या तरी हातून सुटायचं. आता कळलं की कडी आतल्या बाजूला आहे, माझ्या बरगड्यांखाली. तिच्यापासून बसमध्ये बसून जाता येत नाही.

पण एक वाट निघाली आहे. धार वाढवता येत नाही, तर पिशवीच अर्धी करायची. अर्धी पिशवी, तितक्याच सावकाश, पण दुप्पट वेळा. एका वेळी अर्धा दिवस पुरतो. शिवाय लोह काढायच्या गोळ्या न चुकता घ्यायच्या. साहेबांना विचार, ते दहा-अकरा दिवसांनी अर्धा दिवस सोडतील का? मोबदल्यात मी सगळे रविवार बसेन.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. पायांचं ऐकून ती म्हणाली, "दुखत होते थोडे." बस.

तुझा
भाऊ


१३ एप्रिल

ती. आईस,

सा. न. पुन्हा सातच अंगांनी. आठवं जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुटेल असं इथल्या सिस्टर म्हणतात.

तू विचारशील म्हणून सगळं क्रमाने सांगतो. खोली कोरडी आहे. वहिनी डबा देतात. दादा मला पंपघरात सगळ्यांसमोर 'मास्तर' म्हणतो, त्यामुळे साहेबांना वाटतं मी खरंच शाळेत शिकवायचो. त्यांनी सूचनांचा फलक मला तपासायला दिला, त्यात 'पाणी'चा 'णी' ऱ्हस्व होता. इतकी वर्षं कोणालाच दिसला नाही. रविवार गेले, पण आजचा अर्धा दिवस मिळाला. पाणी उकळून पितो. दादा रुसतो, पण पितो.

कामात एक गोष्ट मला सगळ्यांच्या आधी जमली, असं दादा म्हणतो. रिकाम्या पाइपात पाणी एकदम सोडायचं नसतं, धक्क्याने जुने सांधे फुटतात. चाक थोडं थोडं फिरवायचं आणि काट्याकडे बघत थांबायचं. नवीन माणसांना थांबणं जमत नाही. मला जमतं.

मला तू सांगितलेलीच खाट मिळाली, वाऱ्याची. खिडकीतून रस्ता दिसतो, तलाव नाही. सुई बावीसची, निळी. सिस्टरनी चाक लावलं ते मला जरा वर वाटलं. त्यांना हाक मारून हृदयाचं सांगितलं. त्यांनी ते आणखी आवळलं आणि म्हणाल्या, "असं स्वतःहून हळू करा म्हणणारा पहिलाच पेशंट बघितला."

रक्त गारच असतं इथलंही. दंड दुखायला लागला तेव्हा आपोआप स्टुलाकडे बघितलं. त्याच्यावर माझी पिशवी आणि डबा होता. मग मोकळ्या हाताने नळी मुठीत धरली, सिस्टर पाठमोऱ्या असताना. तुझ्याइतका माझा हात गरम नाही, पण थोड्या वेळाने दंड सैल झाला.

अडचण एकच आहे. मोकळा हात एकच आहे. तुला लिहायचं तर नळी सोडावी लागते, आणि नळी धरायची तर पत्र थांबतं. एक ओळ लिहितो, मग मूठ मिटतो, मग पुन्हा एक ओळ. म्हणून हे पत्र सावकाश चाललं आहे.

तुझा
मुलगा